सत्तेचाळिसावा खण

बंगलोरमध्ये मी चार वर्षं एका कॉम्प्युटरची मेमरी होते. हे मी आजवर कुठल्याही अर्जात लिहिलेलं नाही. अर्जात मी ‘गणन-साहाय्यक, तात्पुरती’ असं लिहीत आले आणि ते वाचून आजवर कोणी काही विचारलेलं नाही.

साठ सालानंतरची ती वर्षं. मल्लेश्वरमच्या पलीकडच्या एका संशोधन संस्थेत, विजेच्या विभागाच्या मागे, दोन खोल्यांत आमचा गट बसत असे. गटाचं काम कॉम्प्युटरवर संशोधन करणं. गटाकडे सगळं होतं: फळा होता, टेबलं होती, दारावर पाटी होती. फक्त कॉम्प्युटर नव्हता. आमचे सर परदेशात शिकून आले होते आणि इथे स्वतःच्या हाताने यंत्र बांधायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्याचे सुटे भाग मागवायचा परवाना दिल्लीत कुणाच्या तरी टेबलावर होता. सर दर पंधरवड्याला स्मरणपत्र पाठवत. त्या स्मरणपत्रांची फाईल इतकी फुगली, की यंत्र आलंच तर ते ठेवायला जागा उरेल का, असं मी एकदा अण्णांना विचारलं होतं.

मुंबईच्या एका संस्थेत मात्र खरंखुरं यंत्र होतं. तिथल्या लोकांच्या मेहेरबानीने दर तीन महिन्यांनी आम्हांला त्यावर एक तास मिळे. प्रोग्रामची भोकं पाडलेली कार्डं बिस्किटांच्या डब्यात भरून माणसाने पुण्याला गाडी बदलत मुंबई गाठायची आणि तासाभरात काय निघेल ते घेऊन परत यायचं. प्रोग्राममध्ये एखादी चूक निघाली तर पुढचे तीन महिने बसा फळ्याकडे बघत. म्हणून प्रोग्राम मुंबईला जाण्याआधी घरच्या घरी पारखून घ्यायची एक रीत सरांनी काढली होती. आम्ही तिला कागदी यंत्र म्हणत असू.

कागदी यंत्र म्हणजे तीन माणसं आणि एक टेबल. सर स्वतः प्रोग्राममधले हुकूम एकेक करून मोठ्याने वाचत. त्यांच्या डावीकडे अण्णा हँडल फिरवायचं गणनयंत्र घेऊन बसत. अण्णा सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेले म्हैसूरचे गृहस्थ, बेरजा-गुणाकार त्यांच्याकडे. उजवीकडे मी, म्हणजे यंत्राची मेमरी. माझ्यापुढे संस्थेच्या सुताराने करून दिलेलं शंभर खणांचं लाकडी कपाट होतं, टपाल कचेरीत पत्रं लावायला असतं तसं. प्रत्येक खणावर नंबर. सर म्हणत, “बाराव्या खणातला आकडा काढा,” की मी बारामधल्या चिठ्ठीवरचा आकडा अण्णांपुढे धरायचा. सर म्हणत, “उत्तर तेराव्यात ठेवा,” की मी उत्तर नव्या चिठ्ठीवर लिहून तेरामध्ये ठेवायचं. मुंबईचं यंत्र डोळ्याचं पातं लवायच्या आत जे करे ते करायला आम्हांला सकाळपासून दुपारपर्यंत लागे.

टेबलाशी एकच कायदा होता. यंत्राने बोलायचं नाही. हुकूम वाचण्यापलीकडे एक शब्द नाही, शंका काढायची नाही, खाकरायचंही जपून. ज्याने तोंड उघडलं त्याने सगळ्यांसाठी कॉफी करायची. कोपऱ्यात स्टोव्ह होता, पितळेचा फिल्टर होता आणि आठव्या क्रॉसवरच्या दुकानातून अण्णांनी आणलेली पूड होती. शिक्षा अगदी गमतीची होती. सरांनी स्वतः कितीदा तरी कॉफी केली होती. अण्णा तर कॉफीची तल्लफ आली की मुद्दाम बोलत.

मी तीन वर्षांत एकदाही बोलले नव्हते.

त्याचं कारण सांगायला हवं. मी बेळगावची, गणित घेऊन पदवी झालेली. मल्लेश्वरमला दादा-वहिनींकडे राहत होते. दादा एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. दर रविवारी त्याच्याकडे सात-आठ मराठी इंजिनिअर जमत, देशाचं काय होणार यावर बोलत, आणि दर अर्ध्या तासाने त्यातला कोणीतरी आतल्या, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हणे, “वा, चहा काय झकास झाला होता!” म्हणजे आणखी आणा. माझी पदवी त्या दारापर्यंतच चाले. पुढे संस्थेत मुलाखतीला गेले तेव्हा समितीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हसत हसत म्हटलं होतं, की गटात बाई आली म्हणजे कॉफीची सोय झाली म्हणायची. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, मी आकडे करायला आले आहे. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की या इमारतीत आपण कॉफीच्या भांड्याला हात लावायचा नाही. आणि एकदा मी काही ठरवलं की माझ्या हट्टापुढे मीही हात टेकते.

त्यात माझ्या अंगात टापटीप फार. रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी मी शंभरच्या शंभर खण रिकामे करून फडक्याने पुसत असे. मला कोणी सांगितलं नव्हतं. सर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने कपाट दाखवत आणि म्हणत, “इतकी स्वच्छ मेमरी मी परदेशातही पाहिली नाही.” मला ते ऐकून गुदगुल्या होत. माझी नेमणूक दर वर्षी सरांच्या शेऱ्यावर वाढवली जायची आणि शेऱ्यात हे वाक्य असायचंच.

आता त्या मुलाबद्दल. मुलगा म्हणायचं, तसा चोवीसेक वर्षांचा होता. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. निपाणीचा. मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात बोलायचा आणि आपण तसं बोलतो हे त्याच्या गावीही नव्हतं. वडिलांची तंबाखूची वखार होती. त्यांनी त्याला बजावलं होतं, शिष्यवृत्तीची दोन वर्षं आहेत तोवर काय शिकायचं ते शीक, मग वखारीत ये. तंबाखूच्या वासाने त्याचं डोकं उठायचं. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: शिष्यवृत्ती आणखी एक वर्ष वाढावी, म्हणजे प्रबंध पुरा होईल आणि वखार कायमची टळेल. वाढ द्यायची की नाही हे समिती ठरवणार होती, आणि मुंबईहून निकाल बरोबर आला तरच सर त्याचं नाव पुढे करू शकत होते.

त्याचा विषय असा: एका यंत्रापुढे पुष्कळ लोकांची कामं रांगेत उभी असली, तर कुणाचं आधी घ्यावं म्हणजे सगळ्यांचा मिळून वाट पाहण्याचा वेळ कमीत कमी होईल? ज्या गटाकडे यंत्रच नव्हतं, त्या गटात यंत्रापुढच्या रांगेवर संशोधन चाललं होतं. त्यात काही विचित्र आहे असं कुणालाच वाटलं नाही. वाट पाहण्याच्या बाबतीत आमच्याइतका अधिकार कुणाचा होता म्हणा!

त्याच्या प्रोग्रामची पारख झाली ती सकाळ मला लख्ख आठवते. ज्याचा प्रोग्राम त्याने टेबलाला हात लावायचा नाही, म्हणून तो खिडकीपाशी हाताची घडी घालून उभा होता. रांगेतल्या प्रत्येकाची मिनिटं मोजून त्यांची बेरीज सत्तेचाळिसाव्या खणात साठवायची, अशी त्याची योजना होती. सरांनी वाचलं, “सत्तेचाळिसातला आकडा काढा, त्यात ही सात मिनिटं मिळवा, उत्तर पुन्हा सत्तेचाळिसात ठेवा.”

मी सत्तेचाळिसात हात घातला. खण रिकामा होता.

तिथे आधी काही ठेवा असं प्रोग्रामने सांगितलंच नव्हतं. मी मान वर केली. अण्णा हँडलवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते. सर कागदातून डोकं न काढता थांबले होते. “यात काहीच नाही,” एवढे तीन शब्द बोलायचे होते. माझी नजर स्टोव्हकडे गेली. मग मी एक कोरी चिठ्ठी घेतली, तिच्यावर शून्य लिहिलं आणि ती अण्णांपुढे धरली. रिकामं म्हणजे शून्य, त्यात काय विचारायचं! अण्णांनी हँडल फिरवलं. दुपारी उत्तर आलं ते बरोबर होतं. दोन दिवसांनी पुन्हा पारख झाली, पुन्हा बरोबर. सरांनी प्रोग्रामवर सही केली आणि तो पोरगा बिस्किटांचा डबा छातीशी धरून गाडीत बसला.

पाच दिवसांनी परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. मुंबईच्या यंत्राच्या हिशेबी रांगेतल्या माणसाला सरासरी काही लाख मिनिटं थांबावं लागत होतं. आमच्या परवान्याचं पाहिलं तर हा आकडा अगदीच चुकीचा नव्हता, पण समितीपुढे हे सांगायची सोय नव्हती. सरांची तर खात्रीच होती. “इथे दोनदा बरोबर आलं आहे. आमच्या मेमरीत चूक नाही.” त्यांनी मुंबईला एक ताठ पत्र लिहिलं, की आपण आपलं यंत्र एकदा तपासून घ्यावं.

त्याच आठवड्यात मी तापाने तीन दिवस घरी होते. तेवढ्यात सरांनी तो प्रोग्राम पुन्हा चालवून बघितला. माझ्या जागी अण्णा बसले, हँडल त्या मुलाकडे दिलं. आणि उत्तर आलं लाखांच्या घरात! मी परत आले तेव्हा सर अण्णांना फैलावर घेत होते. अण्णांनी आदल्या दिवशीच्या चिठ्ठ्या खणांतून काढल्याच नव्हत्या; दुसऱ्याच कुणाच्या प्रोग्रामचे आकडे तसेच पडून होते. मला अक्का म्हणणारे अण्णा बिचारे कन्नडमधून म्हणत होते, “सार, अक्का येऊन पुसतील म्हटलं.” मला बघून सरांचा जीव भांड्यात पडला. मी खण पुसले, प्रोग्राम चालवला, उत्तर बरोबर आलं. सर अण्णांना म्हणाले, “बघितलंत? मेमरी अशी असावी लागते.”

अण्णांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांचं चुकलं.

मी जागेवर बसले आणि अण्णांच्या वेळचा तो रद्द ठरलेला हिशेबाचा कागद समोर घेतला. सत्तेचाळिसाव्या खणात त्यांना आदल्या दिवशीचा एक मोठा आकडा सापडला होता. तो त्यांनी निमूटपणे पुढे केला होता, आणि तिथून सगळी बेरीज वाहत गेली होती. मुंबईचं उत्तर आणि अण्णांचं उत्तर एकाच जातीचं होतं. मुंबईच्या यंत्रावर आमच्या आधी कुणीतरी काम केलं असणार आणि त्याचा आकडा तिथे तसाच पडला असणार. त्या यंत्राला फडकं घेऊन पुसणारी बाई नव्हती. ‘आधी सत्तेचाळिसात शून्य ठेवा’ हा एक हुकूम लिहायचा त्या पोराचा राहून गेला होता. एका कार्डाचं काम. आणि तो राहिला आहे हे साऱ्या जगात ज्या एका माणसाला दिसलं होतं, तिने तो आपल्या हाताने, आपल्या सुंदर अक्षरात भरून टाकला होता.

समिती गुरुवारी बसणार होती. तो दिवस सोमवार. मंगळवारही मी गप्प राहिले; त्याची लाज मला अजून वाटते. नेमणुकीचा शेरा त्याच महिन्यात लिहायचा होता. मला दादाच्या घरातलं ते आतलं दार दिसत होतं. मंगळवारी संध्याकाळी तो मुलगा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, “अक्का, कार्डं पुन्हा पुन्हा बघितली की हो. एक भोक चुकलेलं नाही. माझं डोकंच कमी असणार बघा.” तो गेल्यावर मी फडकं उचललं, पहिल्या खणाशी नेलं आणि परत ठेवून दिलं. त्या दिवशी मी खण न पुसता घरी गेले.

बुधवारी सकाळी मी सरांना म्हटलं, तो प्रोग्राम एकदा चालवू या. सर बसले. वाचत वाचत सत्तेचाळिसापाशी आले. मी आदल्या दिवशीची चिठ्ठी काढून अण्णांपुढे धरली. अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हँडल फिरवलं. अकराच्या सुमाराला सरांनी कागद खाली ठेवला.

“हे काय? तुम्ही खण पुसले नाहीत?”

“नाही, सर.”

“का?”

“सर, मुंबईचं यंत्र रोज संध्याकाळी कोण पुसतं?”

खिडकीपाशी उभ्या असलेल्या त्या मुलाने हाताची घडी सोडली. त्याला आधी कळलं. तो पुढे आला, आपला कागद ओढून घेतला, आणि वरून खाली, खालून वर वाचत राहिला.

सरांनी चष्मा काढला. “पहिल्या दिवशी सत्तेचाळिसात काय होतं?”

“काही नव्हतं.”

“मग तुम्ही काय दिलंत?”

“शून्य लिहून दिलं.”

“कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही.”

“तुम्ही विचारायला हवं होतं.”

“यंत्राने बोलायचं नाही, सर.”

सरांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. मला वाटलं, आता शेरा संपला, नोकरी संपली. मग ते हळू आवाजात म्हणाले, “नाही बोलायचं. पण आत्ता तुम्ही बोललात.” आणि त्यांनी कोपऱ्यातल्या स्टोव्हकडे बोट केलं.

तीन वर्षांनी मी त्या भांड्याला हात लावला. कॉफी मला कधी जमली नाही; आमच्या घरी चहाच. फिल्टरमधून डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, पाण्यासारखं उतरलं आणि दूध लागलं. सगळ्यांनी ती मुकाट्याने प्यायली. सरांनी तेवढ्यात मुंबईला दुसरं पत्र लिहायला घेतलं. ते पहिल्यासारखं ताठ नव्हतं, आणि ते लिहायला त्यांना फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे सर त्या मुलासाठी भांडले. चूक सापडली आहे, एका कार्डाची आहे, आमच्या पारखण्यातही दोष होता, असं सगळं सांगितलं. माझं नाव काढलं नाही. मुलाखतीत मला कॉफीबद्दल बोलणारे तेच म्हातारे गृहस्थ तिथे होते. ते म्हणाले, “माणसांच्या चुका टाळायला तुम्ही यंत्र आणणार, आणि यंत्राच्या चुका टाळायला माणसं बसवणार. मग नक्की काय चाललं आहे?” मुंबईचा पुढचा तास तीन महिन्यांनी होता, शिष्यवृत्ती त्याच महिनाअखेर संपत होती. वाढ नामंजूर झाली.

तीन महिन्यांनी एक कार्ड जास्त घालून तो प्रोग्राम मुंबईला गेला आणि एका फटक्यात बरोबर चालला. निकाल मी निपाणीला टपालाने पाठवला, तंबाखूच्या वखारीच्या पत्त्यावर. कागदी यंत्राचा कायदाही बदलला. खण पुसायचे नाहीत, आणि काही नसलेल्या खणात हात गेला तर मेमरीने बोलायचं, त्याला कॉफी नाही. माझा शेरा त्या वर्षी नेहमीपेक्षा चांगला होता. सरांनी लिहिलं होतं, की अत्यंत सचोटीच्या आहेत.

तो मुलगा जायच्या दिवशी वह्या न्यायला आला. सर वर्गावर होते. खोलीत मी आणि अण्णा दोघंच. अण्णा गणनयंत्र उघडून त्याला तेल घालत होते. त्याने वह्या दोरीने बांधल्या, दारापर्यंत गेला आणि परत आला.

“अक्का, एक विचारू काय?”

“विचार की.”

“त्या दिवशी शून्य ठेवलासा, ते मला सांभाळून घ्यायलाच ना?”

त्याच्या वह्यांची गाठ सैल बांधलेली होती, ती मी नीट करू लागले. इथे खरं सांगायला काही जड नव्हतं. सरांपुढे सांगून झालं होतं, नोकरीही राहिली होती. वर बघितलं तर तो माझ्याकडे असा बघत होता, की या गावातून त्याला एवढं एकच बरोबर न्यायचं होतं.

“हो,” मी म्हटलं.

“सरी, बरोबर की,” तो म्हणाला आणि मोकळा हसला. “मला ठाऊकच होतं. अण्णा म्हणत होते, कॉफी चुकवायला ठेवलं म्हणून. मी लई भांडलो बघा त्यांच्याशी. दोन दिवस बोललो नाही.”

मग त्याने वाकून मला नमस्कार केला, अण्णांना केला आणि वह्या खांद्यावर टाकून तो गेला.

अण्णांना मराठी येत नव्हतं. पण कॉफी हा शब्द त्यांना कळला असणार. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते मान खाली घालून हँडल पुसत होते, आणि टेबलाचा कायदा असल्यासारखे काही बोलले नाहीत.